कुंकवाखालची जागा

“पुसू? कुंकू पुसू? आवं बाई, मालक बाहीर बाकड्यावर जितं-जागतं बसल्यात की!”

ठमाबाईंनी कपाळावरची टिकली तळहाताने घट्ट झाकून धरली होती. डॉक्टर इंद्रायणीच्या हातातला कापसाचा बोळा हातातच राहिला. ओतूरच्या तिच्या दवाखान्यात कातडीचे नाना तऱ्हेचे दुखणेकरी येत. खरूज दाखवायला लाजणारे येत, गजकर्ण लपवून लपवून पार पोटभर झाल्यावर येणारे येत. पण एका टिकलीसाठी एवढं रण माजवणारी बाई पहिलीच.

“मावशी, पुसायचं नाही. टिकली फक्त काढायची, फोटोपुरती.”

“येकच झालं ते.”

“अहो, डाग टिकलीच्या खाली आहे ना? टिकली ठेवून फोटो काढला तर फोटोत टिकलीच येईल.”

“मंग नगा काढू फोटू. मलम द्या, मी जाती.”

आता या बाईला काय सांगावं! डाग होता रुपयाएवढा, पांढराफटक, बरोब्बर दोन भुवयांच्या मध्ये. आधी म्हणे ज्वारीच्या दाण्याएवढा होता. तो झाकायला ठमाबाईंनी मोठी टिकली आणली. डाग वाढला, तशी आणखी मोठी आणली. आणि टिकलीच्या मागचा डिंकच तर कातडीचा रंग खात होता! म्हणजे बाई झाकण घालत होती आणि झाकणच खड्डा करत होतं.

“कोड न्हाई ना वो बाई?” ठमाबाईंनी एकदम आवाज खाली आणला. “खरं सांगा. डिंगोऱ्यात कुणाच्याबी घरी लगीन निघू द्या, हळद कांडायला पयला हात माजा आस्तो. सासूच्या माघारी मलाच मान हाय त्यो. पाच सवाशिणी बसत्यात, पर मुसळाला पयला हात लावती ती ठमा. कोड हाय म्हणून उठलं गावात, तर कोण बोलवंल मला?”

“कोड नाही. टिकली कायमची बंद केली आणि मलम नियमानं लावलं, तर कातडी पुन्हा रंग धरेल. पण धरतेय की नाही हे मला कळायला नको? दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढायचा आणि जुन्याशी ताडून बघायचा. डोळ्यांना महिन्याचा फरक आठवत नाही, मावशी.”

ठमाबाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “कोण बघनार त्यो फोटू?”

“मी आणि तुम्ही. तिसरं कुणी नाही.”

“सबूद?”

“शब्द.”

“आसं नगं. हात द्या.”

इंद्रायणीने हसून हात पुढे केला. नांगरटीपासून कांद्याची पात काटण्यापर्यंत सगळं केलेला तो खरखरीत तळवा तिच्या तळव्यावर आपटला आणि क्षणभर तिथेच राहिला. मग ठमाबाईंनी दाराकडे एकदा बघून घेतलं, टिकली नखाने उचकटली आणि ती फेकली नाही, की टेबलावर ठेवली नाही. हातातल्या हिरव्या बांगडीवर चिकटवली. अंगावरून उतरली असं व्हायला नको!

फोटो मात्र सुंदर आला. फोटो काढावा तर इंद्रायणीनेच. उत्तरेची खिडकी, मागे गडद निळं कापड, पेशंटने उभं राहायच्या जागी फरशीवर चिकटपट्टीची फुली. फ्लॅश नाही, कारण फ्लॅशमध्ये पांढरा डाग आणि गोरं कपाळ सारखंच दिसतं. केस मागे, मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, चेहऱ्यावर हसू नको, रडू नको. आधी पूर्ण चेहरा, मग नुसतं कपाळ. ठमाबाईंच्या हनवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके, उजव्या भुवईच्या टोकाशी गोंदलेली चिमुकली तुळस, सगळं असं स्पष्ट आलं की मोजून घ्यावं.

फोटो झाल्यावर ठमाबाईंनी कनवटीची पुडी काढली. घरच्या हळदीचं कुंकू. डागाच्या वर बोटभर जागा सोडून लावायची परवानगी त्यांनी भांडून मिळवली होती. स्वतःला लावलं आणि अंगठा तसाच पुढे केला. “या हिकडं. सवाशिणीम्होरं आपलंच कपाळ रंगवू नाय. बोडकं कपाळ घिऊन बसताय रोज, शोभतं का?”

त्या दिवशी इंद्रायणीने पुढचे सगळे पेशंट कपाळावर ठसठशीत कुंकू घेऊन तपासले.

आता हे फोटोचं वेड तिला लागलं कसं, तर मोहितमुळे. दोघं पुण्यात एकाच कॉलेजात शिकले. बाकीची पोरं रोग्याचा फोटो काढायची तर त्यात पलंगाची चादर यायची, नर्सचं कोपर यायचं, सलाईनची नळी यायची. हे दोघं मात्र चांगल्या उजेडाची वाट बघत ओपीडीच्या खिडकीशी थांबायचे. एकमेकांचे फोटो तपासायचे, चुका काढायचे, त्यावरून भांडायचेही. पुढे मोहितने मंचरला दवाखाना टाकला. काचेची दारं, छताला दिवेच दिवे. इंद्रायणी ओतूरला आली. पण फोटो दाखवायची सवय राहिली ती राहिलीच. ओतूरात दुसरं होतं तरी कोण, ज्याला कळावं की कपाळाच्या गोलाईवर उजेड असा सारखा पसरवणं किती कठीण असतं? घरी नवऱ्याला दाखवले तर तो म्हणायचा, “जेवताना नको गं.”

म्हणून तिने ठमाबाईंचा तो पहिला फोटो मोहितला पाठवला. पाठवताना मनात आलं नाही असं नाही. तो खरखरीत तळवा आठवलाच. पण डॉक्टर-डॉक्टरांत चालतं, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि मोहित म्हणजे काय तिसरा थोडाच!

“कसला आलाय!” मोहितचं उत्तर आलं. इंद्रायणी दिवसभर खूश होती.

महिने गेले. ठमाबाई यायच्या, टिकली नव्हती तरी आता कुंकू पुसताना कुरकुर करायच्याच, फुलीवर उभ्या राहायच्या आणि जाताना डॉक्टरीणबाईचं कपाळ रंगवायच्या. डागाच्या आत मिरपूड भुरभुरावी तसे बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले. ठिपक्यांना ठिपके जोडले गेले, डागाची कड आत सरकली. इंद्रायणीने दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावून ठमाबाईंना दाखवले तेव्हा त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. “भिकाच्या आरोहीचं लगीन धरलंय,” त्या म्हणाल्या. “आमच्या भिंतीला भिंत हाय त्यांची. पाळण्यात घातली तवा कुंची मी शिवली तिची. तिच्या हळदीला ह्ये कपाळ घिऊन जानार बगा मी, लपवाछपवी न्हाई.”

तो दुसरा फोटोही इंद्रायणीने मोहितला पाठवला. एवढा आनंद एकटीने ठेवायचा कुठे?

आणि मग एका सकाळी ठमाबाईंचे मालक, सावळाराम, एकटेच आले. ठमाबाई बरोबर नाहीत. टोपी हातात, आणि बाकड्यावर न बसता सरळ आत.

“बाई,” ते म्हणाले, “मी मेलो का वो?”

इंद्रायणीला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. ती हसली. सावळाराम हसले नाहीत.

“मुंबैवरनं मेव्हण्याचा फोन आला. मीच उचलला. तर म्हनतो, ताईला द्या जरा, दाजी कवा ग्येलं? आमाला कळिवलं बी न्हाई म्हनून रडाया लागला. मी म्हनलं आरं मीच बोलतोय! तर त्यानं फोनच ठिवला, घाबरून.”

त्यांनी खिशातून मोबाईल काढून तिच्यासमोर धरला. त्यांचा नातू स्वराज अवसरी खुर्दला इंजिनिअरिंगला होता. कॉलेजकडे वळणाऱ्या रस्त्याला त्याने एक फ्लेक्स पाहिला. पोरगं हरखलं, फोटो काढला आणि गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमची आजी झाली फेमस!’ काय लिहिलंय ते वाचायला पोराने थांबायचं तरी! फ्लेक्सवर खाटेएवढ्या ठमाबाई होत्या. एकदा नव्हे, दोनदा. ‘आधी’ आणि ‘नंतर’. कपाळ उघडं, गळा उघडा. वर लाल अक्षरात, ‘कोड लपवू नका! भव्य मोफत तपासणी शिबिर.’ खाली काचेच्या दाराचा फोटो आणि हसणारा मोहित.

मागे गडद निळं कापड. उत्तरेच्या खिडकीचा उजेड. 

“डोळ्यांवर काळी पट्टी लावलीया,” सावळाराम म्हणाले. “कशापायी? डोळं झाकलं म्हंजी मानूस झाकतंय व्हय? हनवटीवरचं गोंदान बोलतंय की, कुनाची बायकू हाय ती. अर्ध्या गावानं मला मारला आन् अर्ध्या गावानं तिला कोड काडलं.”

“बाबा, मी...”

“आवं, तुमाला जाब इचारायला न्हाई आलो मी. तिनंच धाडलं. म्हनली, बाईंनी हातावर हात मारून सबूद दिलता, त्या न्हाई आसं करायच्या. जाऊन सांगा त्यास्नी, तुमचा मोबाईल चोरला आसंल कुनीतरी. बगून घ्या म्हनावं, आनिक कुनाकुनाचं फोटू ग्येल्यात.”

इंद्रायणीचा मोबाईल समोर टेबलावर होता. सावळारामांनी त्याच्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि टोपी घातली.   खरं सांगायची वेळ तीच होती आणि तिने ती जाऊ दिली.

दवाखाना बंद करून ती तडक मंचरला गेली.

“ये ये!” मोहित खुर्चीतून उठलाच. “फ्लेक्स बघितलास ना? काय शार्प आलाय गं! प्रिंटिंगवाला म्हणाला, साहेब असा फोटो आमच्याकडे येतच नाही. लोकांचे मोबाईलवरचे असतात, मोठे केले की फाटतात.”

तिला वाटलं होतं, तो चपापेल. निदान खोटं तरी बोलेल. हा तर कौतुक करत होता!

“मोहित, ती माझी पेशंट आहे.”

“हो मग? अच्छा, तुझं नाव टाकायला हवं होतं का? अगं, सांगायचंस ना. पुढच्या वेळी खाली टाकू, ‘फोटो सौजन्य’...”

“नाव?” तिचा आवाज चिरकला. “तिला कोड नाही रे! टिकलीचा डिंक होता. तुला माहीत होतं, मी लिहिलं होतं.”

“माहीत होतं. पण ‘टिकलीच्या डिंकाचा डाग’ असं लिहिलं तर शिबिराला कोण येईल? आणि ज्यांना खरंच कोड आहे त्यांना धीर येतो असं बघून. चांगलंच काम आहे ना? डोळ्यांवर पट्टी लावलीय मी. नियमाबाहेर काही नाही.”

“मी शब्द दिला होता तिला. तिसरं कुणी बघणार नाही म्हणून.”

 मोहित अगदी शांतपणे म्हणाला, “मग मला कशाला पाठवलास? मी काय तुझ्या दवाखान्यात रात्री घुसलो होतो?”

 ज्याच्या शेजारी उभं राहून ती उजेड बघायला शिकली, तो मित्र समोर बसून तिला तिच्याच दाराची कडी दाखवत होता. आणि कडी खरोखर आतूनच काढलेली होती. रडू आलं, पण त्याच्यासमोर नको म्हणून तिने खिडकीकडे तोंड केलं. नालायक! तिने मनात म्हटलं, आणि ते कुणाला म्हटलं हे तिचं तिलाही नीट कळलं नाही.

“शिबिर झालं की काढतो,” मोहित म्हणाला.

“आत्ता काढ.”

तो कुरकुरला, पण त्याने माणूस पाठवला. इंद्रायणी अवसरीच्या रस्त्याला उभं राहून फ्लेक्स उतरताना बघत राहिली आणि गुंडाळी तिने स्वतःच्या गाडीत टाकली. उतरलेले फ्लेक्स लोक कांद्यावर घालायला मागून नेतात. ठमाबाई कुणाच्या कांद्यावर पसरलेल्या तिला बघवल्या नसत्या.

डिंगोऱ्याला जायला मात्र तिचा पाय उचलेना. आज जाऊ, उद्या जाऊ करत तिने दिवस काढले. गेली ती आरोहीच्या हळदीच्या दिवशी, आणि तेही मनाशी एक आशा धरून. आपण डॉक्टर आहोत, चार माणसांत उभं राहून सांगू की कोड नाही, लोक ऐकतील. डॉक्टरचं नाही ऐकणार तर कुणाचं ऐकणार?

भिका मांडवाच्या दारातच भेटला. हात जोडून, हसून. “या या डॉक्टर, या की मांडवात! च्या घ्या.”

तिने त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. डिंक, मलम, खोटा फ्लेक्स. भिकाने एकेका शब्दाला मान डोलावली.

“आमाला म्हाईत हाय वो. ठमाकाकी म्हंजी आमची आईच. आमचं काय बी न्हाई. पर नवऱ्याकडची मंडळी मोबाईल बगूनच आल्यात. त्यांनी इचारलं, ह्या बाई न्हाईत ना हळदीला? आता काय सांगू मी? पोरीच्या जल्माचा सवाल हाय, डॉक्टर. रिस्क कोन घिनार? पुढच्या टायमाला काकीच, बगा तुमी.”

कुणी वाईट बोललं नाही. कुणी आवाज चढवला नाही. आत उखळाभोवती पाच बायका बसल्या होत्या आणि मुसळाला आंब्याची पानं बांधणं चाललं होतं.

भिंतीपलीकडे ठमाबाई पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. अंगावर नवं लुगडं होतं. घडीही मोडली नव्हती नीट. इंद्रायणीला पाहून त्या लगबगीने उठल्या.

“या बाई! बसा. गावला का मोबाईल?”

इंद्रायणी बसली नाही. “हरवला नव्हता, मावशी. कुणी चोरला नव्हता. फोटो मीच पाठवला. माझ्या मित्राला. त्याने पुढे हे केलं.”

ठमाबाईंच्या हातातलं सूप थांबलं.

“कशापायी पाठीवला?”

काय काय तयारी करून आली होती ती! सल्ला घ्यायला, अभ्यासासाठी, डॉक्टरांत अशी पद्धत असते म्हणून. एकही वाक्य तोंडावर आलं नाही.

“चांगला आला होता म्हणून.”

“हां,” ठमाबाई म्हणाल्या.

पलीकडे मुसळ पडायला लागलं. धप्, धप्. बायकांनी गाणं उचललं. ठमाबाई सुपातल्या तांदळाकडे बघत होत्या. “मी भांडली वो सगळ्यांसंगं,” त्या सावकाश म्हणाल्या. “भिकाच्या बायकूला म्हनली, आमची डॉक्टरीण तसली न्हाई. मालक म्हनलं मोबाईल तर टेबलावर बगितला मी, तर त्यांच्यावर बी वराडली. म्हनलं, दुसरा घेतला आसंल.”

इंद्रायणीच्या डोळ्यांतून पाणी आलं. “मावशी, चुकलं माझं.”

“रडू नगा. सूनबाई, च्या टाक गं बाईंना.”

सावळाराम पडवीच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी एकदाही मान वर केली नाही. दोघी खाली बसल्या. चहा आला. गोड होता, नेहमीसारखाच. पडवीत तिरपा, मऊ उजेड येत होता, आणि इंद्रायणीची नजर सवयीने ठमाबाईंच्या कपाळावर गेली. कुंकवाच्या खालची जागा भरून आली होती. कड नाही, ठिपका नाही. कुठे डाग होता हे तिला तिचं शोधावं लागलं. पूर्ण बरी झालेली बाई तिच्यासमोर बसली होती, आणि पलीकडे दुसरीच कुणी हळद कांडत होती.

ती उठली. ठमाबाईही उठल्या. घरात आलेली सवाष्ण कुंकवाशिवाय जाऊ द्यायची नाही, एवढं काही त्या विसरल्या नव्हत्या. इंद्रायणीने कपाळ किंचित पुढे केलं. त्या खरखरीत अंगठ्याची तिला सवय झाली होती.

“सूनबाई,” ठमाबाई म्हणाल्या, “करंडा आन. बाईंना कुंकू लाव.”

सून गोंधळली. “मी? आत्याबाई, तुमी...”

“मावशी, तुम्हीच लावा ना,” इंद्रायणी म्हणाली. तिचं तिलाच ते मागणं केविलवाणं वाटलं.

“तिलाच लावू द्या,” ठमाबाई म्हणाल्या. “सवय व्हाया पायजे तिला.”

सुनेने भीत भीत बोट टेकवलं. कुंकू जरा तिरकं लागलं. पलीकडे मांडवात गाणाऱ्या बायका मधली एक ओळ विसरल्या, गाणं अडलं, मुसळ थांबलं, कुणीतरी हसलं. भिंतीच्या अलीकडे ठमाबाईंचे ओठ हलले. ती ओळ त्यांनी पुरी म्हटली, पण आवाज काढला नाही. दोन्ही हात त्यांनी पदराखाली घेतले होते.